एका शब्दाची दुरुस्ती, अख्खी फाइल नादुरुस्त

नगर - जिल्ह्याचे नाव बदलले, फलक रंगले, शिक्के नवे झाले. चौंडी येथे ३१ मे २०२३ रोजी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या जयंतीच्या कार्यक्रमात तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी घोषणा केली. १३ मार्च २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने त्यास मंजुरी दिली आणि केंद्राच्या संमतीनंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये 'अहिल्यानगर' हे नाव अधिकृत झाले. रंगाऱ्याचे आणि छापखान्याचे काम सरळ होते. संगणकातील वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या आज्ञावलीत बसलेला तोच एक शब्द बदलणे मात्र तितके सरळ नाही.

हा जिल्हा सहकाराचा. महाराष्ट्रातील पहिला सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी उभा राहिला आणि पुढे पतसंस्था, दूध संघ, विविध कार्यकारी सोसायट्या यांचे जाळे चौदाही तालुक्यांत पसरले. नव्वदच्या दशकात अशा संस्थांच्या टेबलावर संगणक आला तेव्हा त्यांचे सॉफ्टवेअर एखाद्या मोठ्या कंपनीकडून नव्हे, तर बहुधा स्थानिक प्रोग्रामरकडून लिहून घेतले जाई. हत्यारे ठरलेली असत. फॉक्सप्रो, क्लिपर आणि नंतर व्हिज्युअल बेसिक. ठेवपावती, कर्जखाते, उसाच्या वजनाची पावती, दुधाचे दहा दिवसांचे बिल, सारे त्यातच. यातील काही आज्ञावल्या आजही चालतात, कारण त्या चुकत नाहीत आणि बदलायला पैसे लागतात. ज्याने लिहिली तो मात्र एव्हाना पुण्याला किंवा त्याहून दूर गेलेला असतो.

अशाच एखाद्या संस्थेत काय घडू शकते ते पाहू. पावतीच्या माथ्यावरचे जिल्ह्याचे नाव बदलायचे म्हणून नव्याने लागलेला तरुण मूळ आज्ञावलीची फाइल आपल्या लॅपटॉपवर आधुनिक एडिटरमध्ये उघडतो. हवी ती ओळ सापडते. तो शब्द बदलतो, सेव्ह करतो, फाइल परत जागेवर ठेवतो. काम पाच मिनिटांचे. दुसऱ्या दिवशी काउंटर उघडतो आणि पावतीवर नाव नवे, पण खातेदाराच्या नावाच्या जागी, रकमेच्या शेजारी, चौकटीच्या कडेने चमत्कारिक चिन्हांची रांग. किंवा आज्ञावली सुरूच होत नाही. मग व्हायरसचा संशय येतो, हार्ड डिस्कवर आळ येतो. फाइल 'करप्ट' झाली, एवढाच निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात यंत्रात काहीही बिघडलेले नसते. बिघाड झालेला असतो 'सेव्ह' या एका कळीने.

आकडे तेच, वाचन वेगळे

संगणकाच्या फाइलीत अक्षरे नसतात. असतात ते ० ते २५५ या दरम्यानचे आकडे, एकापुढे एक मांडलेले. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर हा केवळ संकेत आहे आणि संकेत काळानुसार बदलले. डॉसच्या जमान्यातील संकेतात १९६ हा आकडा म्हणजे आडवी रेघ. पावतीभोवतीच्या चौकटी याच रेघांनी आखल्या जात. विंडोजच्या पश्चिमी संकेतात तोच १९६ म्हणजे डोक्यावर दोन टिंबे असलेले रोमन 'ए'. म्हणूनच जुनी फाइल विंडोजमध्ये उघडली की चौकटीऐवजी टिंबवाल्या 'ए'ची माळ दिसते. येथवर काहीच हरवलेले नाही. जुन्या संकेताने वाचले तर रेघ परत येते.

मराठीची गोष्ट याहून गुंतागुंतीची. पुण्यातील सी-डॅक या संस्थेच्या 'जिस्ट' तंत्रज्ञानामुळे डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसू लागली. त्यामागचा संकेत 'इस्की'. १९९१ मध्ये तो भारतीय मानक म्हणून मान्य झाला. यात प्रत्येक मराठी वर्णाला, मात्रेला आणि हलन्ताला १६० च्या पुढचा एकेक आकडा दिलेला आहे. दुसरा मार्ग फॉन्टचा. विंडोजवर श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टमधून मराठी उमटू लागली. पण फाइलीच्या पोटात रोमन अक्षरांचे आणि युरोपीय चिन्हांचेच आकडे राहिले. म्हणजे बहुरूप्याने वेश बदलावा तसा प्रकार. फॉन्टचा वेश उतरला की आतले रोमन अक्षर उघडे पडते. डीटीपीच्या दुकानात ज्याने कधी जुनी पत्रिका नव्या संगणकावर उघडून पाहिली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

आजचा सर्वमान्य संकेत युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ चीच, आणि त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवरच बेतलेली. फाइलीत साठवताना तो बहुधा 'यूटीएफ-८' या पद्धतीने साठवला जातो. या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला, मात्रेला तीन. शिवाय १२७ च्या वरचे आकडे कसेही येऊन चालत नाहीत. कोणामागे कोण यावे याचे कडक नियम आहेत.

खरा घात येथेच होतो. २०१५ मध्ये आलेला मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर, वेगळे काही सांगितले नाही तर, समोरची फाइल यूटीएफ-८ आहे असे धरून चालतो. जुन्या फाइलीतील इस्कीचे किंवा फॉन्टचे आकडे या नियमांत बसत नाहीत. न बसणाऱ्या आकड्याच्या जागी तो प्रश्नचिन्ह असलेला काळा चौकोन दाखवतो. पाहणारा समजतो, फॉन्ट नसेल म्हणून दिसत नसेल. पण फाइल सेव्ह होते तेव्हा तो चौकोनच लिहिला जातो. २३९, १९१, १८९ असे तीन आकडे, आणि प्रत्येक न कळलेल्या अक्षरासाठी तेच तीन. 'क' असो वा 'ळ', वेलांटी असो वा चौकटीची रेघ, सगळ्यांच्या जागी एकच खूण. सातबाऱ्यावरची सारी नावे खोडून प्रत्येक ठिकाणी 'अमुक' लिहावे, त्यातला हा प्रकार. त्यावरून मूळ नाव कोणीही सांगू शकत नाही.

आज्ञावलीचा बहुतांश मजकूर इंग्रजीत असतो, त्यामुळे फाइल उघडल्यावर ती धडधाकटच दिसते. बिघडलेल्या चार ओळी आठशेव्या ओळीच्या खाली कुठेतरी असतात. आजच्या मजकुरासाठी यूटीएफ-८ धरून चालणे योग्यच आहे. जुन्या फाइलीशी तो सौदा झालेला नसतो, इतकेच.

नोटपॅडही पूर्वीचे राहिलेले नाही. विंडोज १० च्या २०१९ मधील आवृत्तीपासून त्यात तयार होणारी नवी फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह होते. जुन्या फाइलीतील मजकूर कॉपी करून नव्या कोऱ्या पानावर चिकटवला आणि त्याच नावाने सेव्ह केला, तर संकेत बदललाच म्हणून समजावे. काही साधने फाइलीच्या आरंभी २३९, १८७, १९१ अशी तीन आकड्यांची ओळखखूण बसवतात. आधुनिक एडिटर ती पडद्यावर दाखवत नाहीत. जुन्या कंपायलरला मात्र पहिल्याच ओळीत तीन परकी अक्षरे भेटतात आणि तो तेथेच अडतो. हा बिघाड त्यातल्या त्यात सौम्य, कारण ते तीन बाइट काढले की फाइल पूर्ववत होते.

फॉक्सप्रोचे दहा घरांचे गणित

आता नावाकडे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'अहमदनगर' लिहायला १० अक्षरे लागत. 'अहिल्यानगर' लिहायला ११ लागतात. अंतर एका अक्षराचे. पण ज्या प्रोग्रामरने १९९६-९७ च्या सुमारास जिल्ह्याच्या नावासाठी मोजून १० घरे ठेवली, त्याच्या टेबलात नव्या नावाचा शेवटचा 'आर' मावत नाही. मराठीत हाच हिशेब आणखी गमतीचा होतो. इस्कीमध्ये अहमदनगर ७ बाइटांचे आणि अहिल्यानगर १० बाइटांचे, म्हणजे दहा घरांत अगदी काठोकाठ. यूटीएफ-८ मध्ये तेच अनुक्रमे २१ आणि ३०. यूटीएफ-८ मधील नवे नाव दहा घरांत कोंबले तर 'अहि' एवढेच उरते आणि पुढे 'ल'चा एक तृतीयांश तुकडा. अहि म्हणजे सर्प. ठेवपावतीवर सर्प निघालेला कोणत्याच व्यवस्थापकाला आवडणार नाही.

(या बाबतीत धाराशिवकर सुदैवी. त्यांचे जुने आणि नवे दोन्ही नाव इंग्रजीत नऊच अक्षरांचे. छत्रपती संभाजीनगरला मात्र दहाच्या जागी मधल्या मोकळ्या जागेसह पंचवीस घरे लागतात.)

मग घर वाढवावे, हा विचार सुचतो आणि तो बरोबरही आहे. प्रश्न कोणत्या साधनाने वाढवावे हा आहे. फॉक्सप्रोचा इतिहास येथे कामी येतो. फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली. फॉक्सप्रो २.६ ही डॉसवर चालणारी अखेरची ठळक आवृत्ती. १९९५ पासून व्हिज्युअल फॉक्सप्रो आले आणि २००४ च्या अखेरीस आलेली नववी आवृत्ती शेवटची ठरली. पुढची आवृत्ती निघणार नाही हे मायक्रोसॉफ्टने मार्च २००७ मध्ये जाहीर केले आणि १३ जानेवारी २०१५ रोजी उरलासुरला पाठिंबाही संपला. आज जुना फॉक्सप्रो जाणणारा माणूस शोधला तर त्याच्याजवळ बहुधा ही नववी आवृत्तीच सापडते.

नवव्या आवृत्तीत २.६ चे टेबल उघडते. नुसते उघडून पाहिले, नोंद वाचली, तर सहसा काही बिघडत नाही. पण घराची रुंदी वाढवण्यासाठी 'मॉडिफाय स्ट्रक्चर' ही आज्ञा दिली की नवी आवृत्ती ते टेबल आपल्या पद्धतीने नव्याने लिहून काढते. टेबलाच्या फाइलीचा अगदी पहिला बाइट हा तिच्या जातीचा दाखला असतो. जुन्या साध्या टेबलात तेथे ३ हा आकडा असतो, व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या टेबलात ४८. दाखला बदलला की काउंटरवरची जुनी आज्ञावली त्या फाइलीला ओळखच देत नाही. माहिती सगळी शाबूत, पण दार बंद. सुदैवाने यातून मागे फिरता येते. नव्या आवृत्तीतूनच 'कॉपी टू' आज्ञेला 'फॉक्स टू एक्स' हा प्रकार जोडला की जुन्या पद्धतीचे टेबल पुन्हा तयार होते. सूची फाइल तेवढी नव्याने करावी लागते.

याहून फसवी गोष्ट टेबलावरील संकेताच्या नोंदीची. टेबलाच्या माथ्यावर ते कोणत्या संकेतात लिहिले आहे याची एक खूण असते. जुन्या टेबलांत ती अनेकदा नसते, तेव्हा व्हिज्युअल फॉक्सप्रो विचारतो, हे कोणत्या संकेतातले? उत्तर देणारा समोर येईल तो पर्याय निवडून पुढे जातो. त्यानंतर फॉक्सप्रो वाचताना आणि लिहिताना आकड्यांचे भाषांतर करत राहतो. इंग्रजी नावांना त्याची झळ लागत नाही. इस्कीत किंवा जुन्या फॉन्टमध्ये साठवलेली मराठी नावे मात्र नोंद बदलता बदलता हळूहळू विटत जातात, आणि हे महिनाअखेरीच्या यादीपर्यंत ध्यानातही येत नाही.

फॉक्सप्रोच्या पडद्यांच्या आणि अहवालांच्या फाइली या स्वतःच टेबले असतात, हेही अनेकांना ठाऊक नसते. प्रत्येकीची एक जोडीदार फाइल असते आणि मोठा मजकूर त्या जोडीदारात राहतो. पेनड्राइव्हवर एकच उचलून नेली, दुरुस्त केली आणि परत आणली, तर जोडी विस्कटते आणि पडदा उघडतच नाही. बैलजोडीतला एकच बैल बदलून गाडी हाकण्यासारखे ते होते.

घर वाढवण्याचा परिणाम टेबलापुरता थांबेल असेही नाही. दैनंदिन ठेव गोळा करणाऱ्या प्रतिनिधीच्या यंत्राला किंवा वरिष्ठ कार्यालयाला माहिती द्यायची असेल तर जुन्या पद्धतीत ठरावीक रुंदीची मजकूर फाइल निघते. पहिली दहा घरे जिल्ह्याची, पुढची आठ खाते क्रमांकाची, मग रकमेची, अशी मांडणी समजा असेल आणि जिल्ह्याने अकरावे घर घेतले, तर खाते क्रमांक एक घर उजवीकडे सरकतो आणि रक्कमही. वाचणारी आज्ञावली तक्रार करत नाही. ती जागच्या जागी जे दिसेल ते वाचते, आणि एका अंकाने सरकलेली रक्कम दहापट कमी किंवा भलतीच होऊन बसते. चिन्हांची रांग निदान डोळ्यांना खुपते. हा बिघाड लेखापरीक्षणापर्यंत लपून राहू शकतो.

व्हिज्युअल बेसिक आणि मूळ फाइल हरवलेले

व्हिज्युअल बेसिकच्या पाचव्या आवृत्तीत लिहिलेला प्रकल्प सहाव्या आवृत्तीत उघडून सेव्ह केला की प्रकल्पाच्या फाइलीत 'रिटेन्ड' या शब्दाची एक ओळ आपोआप वाढते. पाचव्या आवृत्तीला हा शब्द माहीत नाही. ती प्रकल्पच नाकारते. साध्या एडिटरमध्ये ती एक ओळ पुसली की काम होते. त्यापुढची उडी मोठी होती. २००२ मध्ये आलेल्या डॉटनेटच्या नव्या बेसिकमध्ये जुना प्रकल्प रूपांतर करूनच घ्यावा लागे, त्यासाठीचा साहाय्यक २०१० च्या व्हिज्युअल स्टुडिओतून काढून टाकण्यात आला, आणि सहाव्या आवृत्तीच्या विकासप्रणालीचा पाठिंबा एप्रिल २००८ मध्येच संपला होता. ओळीच्या शेवटाची खूणही येथे दगा देते. विंडोजमध्ये ओळ संपताना १३ आणि १० असे दोन आकडे येतात, लिनक्सच्या पद्धतीत फक्त १०. आधुनिक साधने यातला फरक सहज पचवतात आणि कधी न विचारता बदलतातही. जुने बेसिक अशा फाइलीतील पडद्याचे वर्णन ओळखत नाही.

ज्यांच्याकडे मूळ आज्ञावलीच नाही, केवळ चालणारी फाइल उरली आहे, त्यांची अडचण वेगळी. चालणाऱ्या फाइलीतही जिल्ह्याचे नाव वाचता येईल असे दिसते, आणि ते तेथेच बदलण्याचा मोह होतो. नोटपॅडमध्ये अशी फाइल उघडून सेव्ह केली तर ती संपलीच. बाइट दाखवणाऱ्या खास एडिटरमध्ये शब्द बदलता येतो, पण अट एकच, लांबी तेवढीच हवी. दहाच्या जागी अकरा अक्षरे घुसवली की त्यापुढचा प्रत्येक बाइट एक घर सरकतो आणि आतले सारे पत्ते चुकतात. 'धाराशिव' या युक्तीने बसेल, 'अहिल्यानगर' पूर्ण स्पेलिंगने बसणार नाही.

मग करावे काय?

सर्वांत आधी संपूर्ण फोल्डरची प्रत, केवळ बदलायच्या फाइलीची नव्हे. ती वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि तिला हात लावू नये. दुरुस्ती त्याच आवृत्तीत करावी ज्या आवृत्तीत आज्ञावली लिहिली गेली. डॉसच्या आज्ञावल्या ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाहीत, आणि विंडोज ११ केवळ ६४ बिटचेच आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक उभा करून त्यात जुने विंडोज आणि जुना फॉक्सप्रो बसवणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. २.६ मध्येच टेबलाचे घर वाढवले तर टेबलाची जात बदलत नाही. आधुनिक एडिटर वापरायचाच असेल, तर फाइल कोणत्या संकेतात उघडली आहे ते खालच्या पट्टीत पाहून मगच कळफलकाला हात लावावा, आणि काळे चौकोन दिसले तर सेव्ह न करता बंद करावी.

दुरुस्ती झाल्यावर पडताळणी सोपी आहे आणि फुकटही. विंडोजच्या आज्ञा खिडकीत 'एफसी' ही आज्ञा 'बी' या पर्यायासह दिली की जुन्या आणि नव्या फाइलीतील वेगळे बाइट एकेक करून समोर येतात. लांबी कायम ठेवून एक शब्द बदलला असेल तर फरक तेवढ्याच जागी दिसला पाहिजे. फाइलभर विखुरलेले फरक दिसले, तर काउंटर उघडण्यापूर्वी जुनी प्रत परत ठेवणे बरे. लांबी बदलली असेल तर या आज्ञेचा उपयोग मर्यादित. तेथे ओळीगणिक तुलना करणारे साधन घ्यावे.

सरसकट 'शोधा आणि बदला' मात्र टाळावे. आज्ञावलीत तोच शब्द फोल्डरच्या नावात, टेबलाच्या नावात, सूचीच्या नावातही असू शकतो. फॉक्सप्रोच्या जुन्या टेबलात स्तंभाचे नावसुद्धा दहा अक्षरांपुरतेच असते. शिवाय संस्थेचे नोंदणीकृत नाव जिल्ह्याच्या नावाबरोबर आपोआप बदलत नाही. ज्या संस्थेच्या नावातच 'अहमदनगर' आहे, तिचे नाव नोंदणी बदलेपर्यंत पावतीवर तसेच राहायला हवे. आणि जुन्या फॉन्टमध्ये साठवलेले 'अहमदनगर' युनिकोडमध्ये टाइप करून शोधले तर सापडतच नाही, त्यामुळे सगळे बदलले या समजुतीत निम्मे तसेच राहते.

गाड्यांच्या क्रमांकात या नामांतराने काही घोळ झाला नाही. एमएच-१६ पूर्वीही नगरचेच होते, आजही तेच आहे, कारण तेथे नाव नाही, क्रमांक आहे. २०११ च्या जनगणनेतही जिल्ह्याला ५२२ हा क्रमांक होता. प्रत्येक नोंदीत जिल्ह्याचे नाव लिहिण्याऐवजी क्रमांक लिहिला आणि नाव एकाच छोट्या टेबलात ठेवले, तर बदल एकाच ओळीत आटोपतो. त्या टेबलात नावासोबत ते कोणत्या तारखेपासून लागू, हेही लिहिता येते. २०१९ च्या ठेवपावतीची दुसरी प्रत आज मागितली गेली, तर तिच्यावर २०१९ चेच नाव यायला हवे.